कुत्र्याची नखे मुळापर्यंत कापू नका: एका फिरत्या संदेशाला उत्तर

कुत्र्याची नखे घरच्या घरी कशी कापावीत, याविषयीचा एक संदेश सध्या आमच्या यावल भागातील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. केळीच्या मळ्यावर राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचून मोतीसाठी सुतळी आणि चुन्याची डबी काढून ठेवली, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे असे: नखे एकदाच मुळापर्यंत कापावीत, रक्त आले तर उत्तमच, कारण त्यामुळे जिव्हाळी, म्हणजे नखाच्या आतला जिवंत भाग, मागे सरते, रक्तावर चुना आणि तंबाखू दाबावी, कापताना तोंड सुतळीने घट्ट बांधावे, आधी माणसाची वेदनाशामक गोळी द्यावी, मोकळ्या कुत्र्याची नखे कापावीच लागत नाहीत, आणि पायाच्या आतल्या अंगाचे वरचे नख बिनकामाचे असल्याने ते पकडीने उपटून टाकावे.

जिव्हाळी मागे सरते, एवढे मान्य करावे लागेल. पण ती सरते नखाचे टोक दर एक-दोन आठवड्यांनी थोडे थोडे कापत राहिल्याने, आणि तेही सावकाश. जिव्हाळीच छाटून टाकणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. त्या भागात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात व त्याच्या आत बोटाचे शेवटचे हाड असते, त्यामुळे मुळापर्यंत कापलेले नख म्हणजे उघडी जखम होय. ती घेऊन जनावर शेणामातीत फिरले की जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. शिवाय एकदा असा मार बसलेला कुत्रा पुन्हा पायाला हात लावू देत नाही आणि पुढची प्रत्येक वेळ अधिक कठीण होते. आपल्याकडे गोचीड तापाचे कुत्रे पुष्कळ असतात. या आजारात रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे अशा कुत्र्याचे रक्त मुद्दाम काढणे हा जिवाशी खेळ आहे.

त्यावर चुना लावण्याचा सल्ला तर संतापजनक आहे. चुना ओल्या जखमेला भाजतो, आणि कुत्रा जखमी पंजा चाटल्याशिवाय राहत नाही, म्हणजे तोच चुना जिभेवर व घशात जाणार. तंबाखूतील निकोटिन पोटात गेल्यास उलट्या, थरथर आणि झटके येऊ शकतात. चुकून रक्त आलेच, तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे न सोडता दाबून धरावे. रक्त थांबवणारी पावडर जवळ नसेल तर कॉर्नफ्लोअर चालते. पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबले नाही, तर कुत्र्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

कापण्याची रीत अवघड नाही. पांढऱ्या नखात जिव्हाळी गुलाबी दिसते. तिच्या अलीकडेच थांबावे. काळ्या नखात ती बाहेरून दिसत नाही, म्हणून एक-दोन मिलिमीटरचे काप घेत प्रत्येक वेळी कापलेला भाग समोरून पाहावा आणि मधोमध गडद, ओलसर ठिपका दिसू लागताच हात आवरावा. कुत्र्यांसाठीचे धारदार नखकापणे वापरावे, कारण बोथट अवजाराने नख चिरडते. कुत्रा घाबरट असेल तर एका दिवशी एकच पंजा घ्यावा, प्रत्येक नखानंतर भाकरीचा तुकडा द्यावा, आणि त्याआधी काही दिवस नुसता पंजा हातात धरण्याची सवय लावावी.

तोंड घट्ट बांधण्याविषयी मला खानदेशातील वाचकांना विशेष बजावायचे आहे. कुत्रा अंगातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 45 अंशांच्या आसपास असताना धडपडणाऱ्या कुत्र्याचे तोंड बंद केले, तर त्याला काही मिनिटांत उष्माघात होऊ शकतो. मुस्के लागलेच, तर जाळीचे, तोंड उघडता येईल असे घ्यावे आणि काम सकाळच्या गारव्यात उरकावे. गोळीचे उत्तर एका वाक्यात संपते: आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात व मूत्रपिंड बिघडते, आणि पॅरासिटामॉलने यकृताला इजा होते.

मोकळ्या कुत्र्याबद्दलचे म्हणणे डांबरी रस्त्यावर रोज फिरणाऱ्या कुत्र्यापुरते बरेचसे खरे आहे. पण मळ्यातील काळ्या मऊ जमिनीत नखे तेवढी झिजत नाहीत, म्हणून फरशीवर चालताना टकटक ऐकू येऊ लागली की ती पाहावीत.

राहिले आतल्या अंगाचे वरचे नख. ते उभे असताना जमिनीला टेकत नाही, म्हणून सहसा झिजत नाही, गोल वाढते आणि वेळेवर कापले नाही तर कातडीत रुतते. म्हणजे सर्वांआधी लक्ष द्यावे ते याच नखाकडे. ते पकडीने उपटणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यातील कलम 11 खाली गुन्हा ठरू शकतो, कारण प्राण्याला विनाकारण वेदना देणे आणि त्याचे अंग छाटणे या दोन्ही गोष्टी त्या कलमात क्रूरता म्हणून नोंदवल्या आहेत. ते नख दुखावले किंवा रुतले असेल, तर भूल देऊन ते काढायचे की नाही हे पशुवैद्यकानेच ठरवायचे असते.