केज, बोल्ट आणि नवरस

प्रयोगशील कलावंताबद्दल लिहिताना एक वाक्य ठरलेलं असतं: ‘यांच्यावर अमुकचा प्रभाव जाणवतो.’ म्हणजे यांचं ऐकलं की अमुक आठवतो. अमेरिकन संगीतकार जॉन केजला (१९१२-१९९२) ही फूटपट्टी लावून बघा. शिकला शोनबर्ग या संगीतकाराकडे, पण ज्या कामासाठी आपण त्याला ओळखतो त्यात शोनबर्ग शोधून सापडत नाही.

मला सगळ्यात भुरळ पडते ती गीता साराभाईंच्या प्रकरणाची. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला पाश्चात्त्य संगीत शिकायला गेल्या. केज म्हणाला, फी नको, मला तुमचं संगीत शिकवा. फिट्टंफाट. संगीत कशासाठी असतं, असं त्याने विचारलं तेव्हा त्यांनी गुरूंकडून ऐकलेलं सांगितलं: मन निवांत व्हावं, दैवी स्पर्शाला मोकळं व्हावं, यासाठी. वर रामकृष्ण परमहंसांच्या वचनांचं पुस्तकही दिलं.

त्याच काळात कलाअभ्यासक आनंद कुमारस्वामी वाचून केजने नवरसांवर ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ रचलं. त्यात राग नाही, तंबोरा नाही. आहे एक पियानो, आणि त्याच्या ४५ सुरांच्या तारांत खोचलेले बोल्ट, स्क्रू, रबराचे तुकडे. ही युक्ती १९४० ची, सिएटलमधली. नृत्याला तालवाद्यं हवी होती आणि रंगमंचावर जागा जेमतेम एका पियानोची. खिळे तारांवरून घसरले, स्क्रू टिकला. म्हणजे या रचनेत रसविचाराचा जेवढा वाटा, तेवढाच त्या अडचणीच्या जागेचा. माझ्या मते काकणभर जास्तच. नवरस त्याने वरवर उचलले, असं कुणी म्हणेल. असतीलही. पण सतार मांडीवर घेऊन चार मिंडा काढणाऱ्या पाहुण्यांपेक्षा मला हा परवडतो.

पुढचं सगळ्यांना माहीत असतं. १९५१ मध्ये क्रिस्तियन वुल्फ या पोरसवदा शिष्याने ‘ई चिंग’ हा कौल लावायचा प्राचीन चिनी ग्रंथ आणून दिला आणि सूर नाणी उडवून ठरू लागले. हार्वर्डच्या ध्वनिरोधक खोलीतही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक चढा, एक खर्जातला; त्याला सांगण्यात आलं की पहिला मज्जासंस्थेचा, दुसरा रक्ताभिसरणाचा. (पहिल्याबद्दल डॉक्टर मंडळी नाक मुरडतात, ते सोडा.) चित्रकार राउशेनबर्गची कोरी पांढरी चित्रं पाहून धीर आला, आणि १९५२ मध्ये आली ४ मिनिटं ३३ सेकंदांची ती मूक रचना.

त्याच्या कवितेकडे मात्र कुणी फिरकत नाही. मेसोस्टिक हा त्याचा लाडका प्रकार: ओळी आडव्या, आणि त्यांच्या मधोमध उभं वाचत गेलं की एक नाव. मी मराठीत आजीच्या नावावर करून पाहिलं. नावात ‘द्वा’ आहे, तिथेच अडलो. हे एक अक्षर धरायचं, की द, व, आ अशी फोड करायची? एकच धरलं आणि कोश उघडला. द्वार, द्वापर, द्वाड. ‘द्वार’ घेतलं तर ओळ भलतीच सोवळी होत होती. शेवटी ‘द्वाड’ घेतला. आजीबद्दल हा शब्द मी आपणहून कधी लिहिला नसता, आणि तिला तोच चपखल बसत होता.