‘बायकांची नेहमीची दुखणी’ म्हणून दावा फेटाळता येत नाही

अमेरिकेतील माजी सैनिक महिलांच्या दिव्यांगत्व भरपाईविषयी एक समज सर्रास पसरवला जातो: गर्भाशयाची दुखणी कोणत्याही बाईला होतात, त्यामुळे त्यांचा लष्करी सेवेशी संबंध नसतो, सेवाकाळातली डॉक्टरी नोंद नसेल तर दावा टिकत नाही, आणि गर्भाशय काढले की भरपाईचा प्रश्नच मिटतो. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत.

आजार इतरांना होतो का, असे कायदा विचारतच नाही. गुडघे सगळ्यांचेच झिजतात, म्हणून सैनिकाच्या गुडघ्याचा दावा कोणी फेटाळत नाही. आजार आज आहे का, आणि तो सेवेत सुरू झाला किंवा सेवेमुळे बळावला असे दाखवणारा दुवा आहे का, एवढेच पाहिले जाते. भरपाई दिव्यांगत्वाच्या टक्केवारीवर ठरते, आणि ही टक्केवारी ठरवणाऱ्या नियमावलीत स्त्रीरोगांसाठी ४.११६ हे स्वतंत्र कलम आहे. त्यानुसार एंडोमेट्रिऑसिसमधली (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजारातली) ओटीपोटाची वेदना किंवा अतिरक्तस्राव सततच्या उपचारांनी आटोक्यात राहत असेल तर १० टक्के आणि उपचार करूनही आटोक्यात येत नसेल तर ३० टक्के दिव्यांगत्व धरले जाते. म्हणूनच ‘पाळीत त्रास होतो’ एवढेच लिहून थांबू नये. गोळ्या घेऊनही कामावरून घरी परतावे लागते, हे स्पष्ट लिहावे. नैसर्गिक रजोनिवृत्ती आणि बाळंतपण यांना हे कलम दिव्यांगत्व मानत नाही, हे खरे. पण बाळंतपणातल्या गुंतागुंतीमुळे मागे राहिलेल्या कायमच्या त्रासाला ते मानते, आणि ही दुसरी बाजू कोणी सांगत नाही.

नोंदीचा मुद्दा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो. पुरुषांनी भरलेल्या तुकडीत रक्तस्रावाची तक्रार घेऊन जाणे किती जणींना शक्य होते? तत्कालीन नोंद नाही एवढ्याच कारणाने सैनिकाचे कथन अविश्वसनीय ठरवता येत नाही, असे संघीय अपील न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले आहे. सोबतच्या सैनिकांची, नवऱ्याची किंवा बहिणीची लेखी निवेदनेही पुरावा ठरतात, आणि पुरावा दोन्ही बाजूंनी समतोल असेल तर संशयाचा फायदा सैनिकालाच द्यावा लागतो.

शस्त्रक्रियेबाबतचा समज तर नियमाच्या थेट विरुद्ध आहे. सेवेशी जोडलेल्या आजारासाठी गर्भाशय काढल्यास ३ महिने १०० टक्के आणि त्यानंतर ३० टक्के, तर दोन्ही अंडाशयेही काढल्यास त्यानंतर ५० टक्के दिव्यांगत्व मिळते. प्रजनन अवयव गमावल्याबद्दलचा विशेष मासिक भत्ता वेगळा.

दावा नाकारला गेला असेल, तर निर्णयापासून १ वर्षाच्या आत नव्या पुराव्यासह पूरक दावा करता येतो, आणि तो मंजूर झाल्यास भरपाईची तारीख साधारणपणे मूळ अर्जापासूनच धरली जाते.