भिरंडाचा सोडा आवडला

निरनिराळ्या चवींचे सोडे चाखायला देणाऱ्या दुकानांवरचा एक लेख वाचून मी पणजीतील अशाच एका दुकानात मुद्दाम गेलो. भिरंडाचा, म्हणजे कोकमाचा, सोडा मला सर्वांत आवडला. त्याचा गडद लाल रंग साखरेत मुरलेल्या सालींचाच होता, आणि आंबटपणा जिभेवर रेंगाळत असतानाच मागून मिरीचा हलका चटका लागत होता. आल्याचा मात्र फार गोड वाटला. चाखणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते: थंड पाण्यात वायू अधिक विरघळलेला राहतो, त्यामुळे बाटली चांगली गार असतानाच उघडावी, ग्लासात बर्फ घालू नये, कारण त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे झपाट्याने सुटतात. काजूच्या बोंडांच्या निऱ्याचाही, म्हणजे ताज्या, न आंबलेल्या रसाचाही, सोडा मिळावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. निरो लवकर आंबतो, म्हणून तो हंगामात ताजाच वापरावा लागेल.