देणगी थांबवली तर झळ कोणाला लागते?

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात असलेल्या मिझुरी विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी देणगी देताना हात आखडता घेऊ नये, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुम्हीही तिथलेच, माझ्यानंतरच्या तुकडीचे. तुमचं म्हणणं असं, की २०१५ साली वंशभेदाविरुद्धच्या आंदोलनात मूठभर मुलांनी गोंधळ घालून विद्यापीठाच्या अध्यक्षांना घालवलं आणि आपल्या पदवीची किंमत कमी केली. देणगी थांबली तरच प्रशासन ताळ्यावर येईल. शिवाय काळ्या-गोऱ्यांच्या भांडणात मराठी माणसाने पडूच नये.

आधी जे पटलं ते सांगते. त्या दिवसांत आंदोलनाच्या बाजूच्या एका प्राध्यापिकेने वार्तांकन करणाऱ्या विद्यार्थ्याला अडवलं, त्याला हटवायला माणसं बोलावली. जगातली पहिली म्हणवली जाणारी पत्रकारिता शाळा जिथे १९०८ साली उघडली तिथे हे व्हावं, याची मला अजून लाज वाटते. त्या प्राध्यापिकेला पुढे काढून टाकलं, ते योग्यच झालं. चळवळीची बाजू घ्यायची म्हणजे तिच्या चुकाही पदरात घ्यायच्या, असं मी मानत नाही.

पण 'मूठभर' हा शब्द मला खटकला. एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. त्याच्या पाठोपाठ फुटबॉल संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंनी खेळायला नकार दिला आणि प्रशिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढचा सामना रद्द झाला असता तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर भरावे लागले असते. दोन दिवसांत, ९ नोव्हेंबरला, अध्यक्षांनी राजीनामा दिला. आंदोलनाचं नाव होतं 'कन्सर्न्ड स्टुडंट १९५०'. त्या आकड्यावर तुम्ही कधी थांबलात का? १८३९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाने पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी घेतला तो १९५० साली. एकशे अकरा वर्षांनी.

मधल्या काळात काय झालं, तेही ऐका. लॉइड गेन्स हा कृष्णवर्णीय तरुण याच राज्यातल्या सेंट लुईसचा. त्याला आपल्या विद्यापीठात कायदा शिकायचा होता. तू परराज्यात शीक, फी आम्ही भरतो, असं राज्य त्याला म्हणालं. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९३८ साली जिंकला. तर राज्याने घाईघाईने सेंट लुईसमध्ये, पूर्वी केशभूषा शिकवणाऱ्या संस्थेच्या इमारतीत, कृष्णवर्णीयांसाठी वेगळं विधी महाविद्यालय थाटलं. मार्च १९३९ मध्ये शिकागोत, टपालाची तिकिटं आणतो असं सांगून गेन्स बाहेर पडला तो आजतागायत सापडलेला नाही. ल्युसिल ब्लुफर्डला त्याच वर्षी पत्रकारितेच्या पदव्युत्तर वर्गाला प्रवेश मिळाला होता, पण तो टपालाने. ती समोर येऊन उभी राहिली, तिचा रंग दिसला आणि दार बंद झालं. ती पुन्हा पुन्हा अर्ज करत राहिली. शेवटी विद्यापीठाने तिला घेण्याऐवजी तो वर्गच बंद केला.

आता माझं. १९९६ साली मी अकोल्याहून तिथे मृदाशास्त्र शिकायला गेले. संशोधन साहाय्यक म्हणून फी माफ, वर महिन्याला पगार. राज्यात वाढलेल्या, तिथे कर भरणाऱ्या घरातल्या मुलाला जे नाकारलं, ते हजारो मैलांवरून आलेल्या मला सहज मिळालं. आपल्या लोकांना त्या देशात जागा कशी झाली? १९६५ साली अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आपल्यासारख्यांना तिथे स्थायिक व्हायची दारं उघडली. नागरी हक्कांच्या चळवळीने देश हलवला नसता तर तो कायदा तसा झाला नसता. मराठी माणसाने यात पडू नये म्हणता? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत दास्यमुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना. आणि आपण तर तिथलं अन्न खाल्लं आहे.

दुसरी गोष्ट सांगताना जड जातं. कोलंबियातल्या एमकेटी नावाच्या पायवाटेवरून मी चार वर्षं सायकल चालवली. तिथेच स्टुअर्ट रोडच्या पुलावर २९ एप्रिल १९२३ रोजी जेम्स स्कॉट या कृष्णवर्णीय माणसाला जमावाने फाशी दिली. खटला चालायच्या आधी, तुरुंग फोडून. तो विद्यापीठातच सफाईचं काम करायचा. बघ्यांच्या गर्दीत विद्यार्थीही होते. आता तिथे फलक आहे. माझ्या वेळी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नाही.

आता पैशाचं. देणगी थांबवून प्रशासनाला धडा मिळतो, हे तुमचं गृहीतक २०१५ नंतर तिथेच तपासलं गेलं. दोन वर्षांत पहिल्या वर्षाचे प्रवेश एक तृतीयांशाहून जास्त घटले आणि फीचा पैसा आटला. सात वसतिगृहं बंद ठेवावी लागली, चारशेहून जास्त पदांवर कुऱ्हाड आली. गेलेल्यांत कायम नसलेले शिक्षकही होते. अध्यक्षांच्या खुर्चीवर नवा माणूस येतोच, पण शिष्यवृत्तीवर अवलंबून असलेली मुलगी एकदा घरी परतली की परत येत नाही. पोषण थांबलं की काय होतं, ते मी मातीत पाहिलं आहे. सॅनबॉर्न फील्ड या विद्यापीठाच्या प्रयोगशेतात १८८८ पासून काही तुकड्यांत वर्षानुवर्षं तेच पीक आहे, खत शून्य. मी ती माती हाताळली आहे. शेजारच्या शेणखत घातलेल्या तुकड्यातली माती दुसऱ्या हातात घेतली की डोळे मिटूनही फरक कळतो.

तुम्ही असंही लिहिलंत की विद्यापीठानेच २०२४ मध्ये समावेशनाचा, म्हणजे सगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्याचा, विभाग बंद केला, मग आपण कशाला ओझं वाहायचं. नेमकं म्हणूनच. वंशावर आधारित शिष्यवृत्त्या २०२३ मध्येच थांबल्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या स्वागतभोजनाचं 'वेलकम ब्लॅक' हे नावही बदलून 'वेलकम ब्लॅक अँड गोल्ड' करायला लावलं. संस्था मागे सरकते तेव्हा तिथल्या मुलांना आपलं कोण, हे माजी विद्यार्थ्यांकडे बघूनच कळणार. मी डोळे झाकून द्या म्हणत नाही. गरजू विद्यार्थ्यांच्या निधीला द्या, गेन्स-ओल्डहॅम ब्लॅक कल्चर सेंटर या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या सांस्कृतिक केंद्राला द्या, पावतीवर कारण लिहून द्या, आणि पैसा कुठे गेला ते दर वर्षी पत्र लिहून विचारा. मी विचारते.

यंदा होमकमिंगला, माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक सोहळ्याला, मी कोलंबियात असेन. तुम्ही येणार असाल तर कळवा. मिरवणुकीच्या आधी, सकाळी लवकर, स्टुअर्ट रोडजवळच्या त्या फलकापर्यंत चालत जाऊ. राहिलेला वाद वाटेत घालू.