एपकॉटच्या फ्रान्समध्ये जेवायचंय? गालेत मागवा

फ्लोरिडाला लेकीकडे किंवा मुलाकडे गेलेली आपली मंडळी डिस्नेच्या एपकॉट या पार्कला एक दिवस देतातच. तिथे तळ्याभोवती एकेका देशाचा भाग उभारलाय, आणि त्यातल्या फ्रान्सच्या भागात कुठे जेवायचं हा प्रश्न तिथे हमखास येतो. माझं मत पक्कं आहे. ला क्रेपरी द पारीत बसा.

इथलं जुनं, नावाजलेलं रेस्टॉरंट म्हणजे शेफ द फ्रान्स. 1982 साली एपकॉट उघडलं तेव्हा पॉल बोक्यूझ, रॉजे वेर्जे आणि गास्तों लनोत्र या तीन दिग्गज फ्रेंच शेफनी ते उभं केलं. वरच्या मजल्यावर मसिए पॉल हे दुसरं रेस्टॉरंट आहे. तिथे ठरलेल्या पदार्थांचं लांबलचक रात्रीचं जेवण असतं आणि माणशी बिल शंभर डॉलरच्या बरंच वर जातं. स्वयंपाक उत्तमच आहे. पण दिवसभर उन्हात चालून थकलेली लहान मुलं घेऊन त्या जेवणाचं चीज होत नाही.

क्रेपरी 1 ऑक्टोबर 2021 ला, ‘रातातुई’ सिनेमातल्या रेमी उंदराच्या राइडबरोबरच सुरू झाली. तिथली खासियत गालेत, म्हणजे फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाचं तिखटमिठाचं धिरडं. मुळात त्यात पीठ, पाणी आणि मीठ एवढंच. पीठ काही तास मुरू द्यायचं. मोठ्या गोल बिडाच्या तव्यावर पळीभर पीठ ओतून टी आकाराच्या लाकडी दांडीने ते एका फेरीत पसरतात. आपलं घावन जाळीदार होतं तशीच यालाही जाळी पडते, कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात. मग मधे सारण ठेवून चारही बाजू आत दुमडतात. ताट समोर आलं की लगेच खा. पाच-सात मिनिटांत कडा वातड होतात, आणि सारणातल्या सॉसने तळ ओला पडतो. फोटो नंतर काढता येतील. माणशी एक गालेत आणि दोघांत एक गोड क्रेप (मैद्याचं पातळ धिरडं) एवढ्यात पोट भरतं.

शाकाहारी असाल तर नीट विचारा. अभिजात गालेतमध्ये हॅम, अंडं आणि चीज असतं. पालक-बकरीचं चीज किंवा रातातुईसारखं (वांगी, टोमॅटो वगैरे शिजवलेल्या) भाज्यांचं सारण यादीत असेल तर ते घ्या, पण मेनू बदलतो, शिवाय तवा तोच असतो. पिठात अंडं घातलंय का, तेही विचारा. गोड क्रेप मैदा, दूध, अंडं आणि लोण्याचीच, त्यामुळे अंडं चालत नसेल तर ती वर्ज्य. फ्रेंच कांद्याचं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण परंपरेने ते गाईच्या मांसाच्या रश्शात शिजतं. त्यावरचं ग्रुयेर चीजही वासराच्या रेनेटने (जठरातल्या, दूध फाडणाऱ्या द्रव्याने) बनतं. ‘नो मीट’ एवढं म्हणून भागत नाही. रस्सा कशाचा, हे विचारावं लागतं.

टेबल 60 दिवस आधी राखता येतं. डिस्नेच्या हॉटेलात उतरणार असाल तर मुक्काम सुरू होण्याच्या 60 दिवस आधी, एकाच वेळी, मुक्कामातल्या 10 दिवसांपर्यंतची टेबलं राखता येतात. बुकिंग तिथल्या सकाळी 6 च्या सुमारास उघडतं, म्हणजे भारतात उन्हाळ्यात दुपारी साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार. पुण्यात बसून मुलांना मदत करणाऱ्यांनी तोच गजर लावावा. जागा मिळाली नाही तर बाजूच्या खिडकीवर क्रेप हातात घेऊन खाता येते.

पोचण्याचा घोळ मात्र खूपजण घालतात. फ्रान्स मुख्य दारापासून लांब, तळ्याच्या पलीकडे आहे. ब्रिटन आणि फ्रान्सच्या मधलं इंटरनॅशनल गेटवे हे दार जवळचं. स्कायलायनर या डिस्नेच्या रोपवेच्या पाळण्यांनी आलात तर तिथेच उतरता. मुख्य दाराने आलात तर किमान 20 मिनिटं हातात ठेवा. आणि जेवण पार्कच्या आत असल्याने तिकीट लागतंच.

यादीतल्या किमतीवर 6.5 टक्के विक्रीकर आणि साधारण 18 ते 20 टक्के टिप धरा. सहा किंवा जास्त माणसं असतील तर टिप बहुधा बिलातच लागलेली असते. ती ओळ पाहूनच सही करा, नाहीतर दुप्पट जाते.

ज्यांना बसून जेवायचंच नाही, त्यांनी ले आल बेकरीत बगेत (लांब, कुरकुरीत पाव) सँडविच घ्यावं आणि आइस्क्रीमच्या दुकानात गरम ब्रिऑशमधलं (लोणी-अंड्याच्या मऊ पावातलं) आइस्क्रीम मागावं. ते उभ्याउभ्याच खायचं असतं, कारण आतलं लगेच वितळतं.