नीलगिरीच्या माथ्यावरचं गवत इंग्रजांच्या आधीचं आहे

वृक्षारोपणाचा हंगाम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: तमिळनाडूतल्या नीलगिरीच्या माथ्यावर पूर्वी सलग घनदाट जंगल होतं. आधी गुराख्यांनी, मग इंग्रजांनी ते तोडलं, जाळलं आणि मागे ओसाड गवताळ डोंगर उरले. आता तिथे झाडं लावली की जंगल परतेल, झरे वाहतील, हवेतला कार्बनही कमी होईल. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण या मजकुरातलं जवळजवळ प्रत्येक विधान तिथल्या चिखलाने खोडून काढलं आहे.

‘माथ्यावर आधी सगळं जंगलच होतं.’

हा समज अडाणीपणाचा नाही. 1930च्या दशकात वनशास्त्रज्ञांमध्येच यावरून मतभेद होते. आग आणि चराई थांबवली तर गवताच्या जागी जंगल येईल, असं काहींचं मत होतं. घळींत शोला (तिथलं बुटकं सदाहरित जंगल) आणि उतारांवर गवत ही तिथली मूळचीच जोडी आहे, असं इतर म्हणत. तेव्हा पुरावा नव्हता. तो पुढे सापडला उटीजवळच्या सँडीनल्लासारख्या दलदलींत.

2,000 मीटरच्या वर, डोंगरांच्या खोलगट भागांत पाणी साचून राहतं. थंडी आणि प्राणवायूचा अभाव यामुळे मेलेली झाडंझुडपं तिथे पूर्ण कुजत नाहीत. अर्धवट कुजलेल्या अवशेषांचा काळपट थर वर्षानुवर्षं चढत जातो. हेच पीट. त्यात खड्डा घेऊन वरपासून खालपर्यंत थोड्या थोड्या सेंटिमीटरवर नमुने काढायचे, रेडिओकार्बनने त्यांचं वय काढायचं आणि मग त्यातल्या कार्बनची तपासणी करायची. झाडं आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी गवतं हवेतला कार्बन वेगवेगळ्या पद्धतीने घेतात. त्यामुळे एका ठरावीक मानकाच्या तुलनेत कार्बन-13 या जड समस्थानिकाचं प्रमाण झाडांत दर हजारी सुमारे उणे 27 (म्हणजे मानकापेक्षा तितकं कमी) भरतं, तर अशा गवतांत सुमारे उणे 13. वनस्पती मरून हजारो वर्षं झाली तरी हा फरक पुसला जात नाही.

रामन सुकुमार, आर. रमेश या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत या पीटचा निष्कर्ष मांडला. सुमारे 18,000 वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, इथे गवताचं वर्चस्व होतं. 11,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास पाऊस वाढला तशा झाडांच्या बाजूच्या खुणा वाढल्या. मधल्या काळात पुन्हा कोरडेपणा आला, आणि सुमारे 600 वर्षांपूर्वी एक छोटासा ओला टप्पा. नंतरच्या कामाने ही नोंद 40,000 वर्षांपर्यंत मागे नेली. दलदलींतल्या परागकणांतही गवत भेटतं: गोल कण, त्यावर एकच छिद्र. कोइमतूरचा इंग्रज कलेक्टर जॉन सलिव्हन याने उटीत आपलं घर बांधायला घेतलं ते 1822 साली. त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून गवत तिथे आहे.

‘पण आगी माणसानेच लावल्या असतील.’

हा आक्षेप मात्र वजनदार आहे. दक्षिण भारतात माणूस फार जुना आहे आणि आग लावणंही त्याला जुनंच. तरी गवत आणि झाडांची ही चढउतार मोसमी पावसाच्या चढउताराशी जुळते. हिमयुगात पाऊस क्षीण होता हे अरबी समुद्राच्या तळाचा गाळही सांगतो. शिवाय त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड आजच्या निम्म्याहूनही कमी होता, आणि अशा हवेत या गवतांचं झाडांपेक्षा बरं चालतं. गवत वाढण्याचं सगळं श्रेय कोरडेपणाला देता येत नाही ते यामुळेच. आणि आजचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या उतारांवर दव गोठून पांढरं होतं. शोलातल्या झाडांची कोवळी रोपं त्यात करपतात. तिथे कुऱ्हाडीची गरजच पडत नाही.

चहा, जळण आणि वसाहतीच्या बांधकामासाठी शोला तुटला, हे खरंच आहे. पण गवताचा नाशही त्याच काळात सुरू झाला. 1840च्या दशकात ऑस्ट्रेलियातून युकॅलिप्टस आणि वॅटल (ऑस्ट्रेलियन बाभळी) आले, आणि स्वातंत्र्यानंतर त्यांच्या मोठमोठ्या लागवडी झाल्या. तिथल्या तोडा या पशुपालक आदिवासींच्या म्हशी चरायच्या, नीलगिरी ताहर हा रानबोकड हिंडायचा, ते उतार या झाडांनी गिळले.

‘झाडं लावली की झरे वाहतील.’

नीलगिरीतच ग्लेनमॉर्गन इथे शेजारशेजारचे दोन पाणलोट वर्षानुवर्षं मोजले गेले. एक तसाच ठेवला, दुसऱ्याच्या निम्म्याहून अधिक भागात युकॅलिप्टस लावला. लागवडीच्या पहिल्या दहा वर्षांच्या फेरीत त्यातून वाहणारं पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या फेरीत सुमारे 25 टक्क्यांनी.

‘निदान कार्बन तरी साठेल.’

पीट हाच कार्बनचा साठा आहे. जगाच्या जमिनीपैकी पीटखाली जेमतेम 3 टक्के, पण जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडाझुडपांपेक्षा जास्त कार्बन त्यात आहे. दलदलीच्या काठावर पाणी ओढणारी झाडं लावली, किंवा गाजर-बटाट्यासाठी चर खणून पाणी काढून दिलं, की हवा आत शिरते, पीट कुजू लागतं आणि कार्बन हवेत जातो. त्याच्यासोबत नोंदही जाते. मला याचं सगळ्यात जास्त वाईट वाटतं. रोपं पुन्हा लावता येतात, हिमयुगातला थर पुन्हा साचवता येत नाही.

नीलगिरीच्या पीटवरून कासच्या सड्याचा किंवा सोलापूरच्या माळाचा इतिहास सांगता येणार नाही. तिथला पुरावा तिथेच शोधावा लागेल. पण आपल्याकडेही माळरानं सरकारी कागदांवर ‘पडीक’ ठरतात आणि खड्डे आधी खणले जातात, चौकशी नंतर होते. तीच घाई नीलगिरीबद्दलच्या त्या मजकुरातही दिसते.

‘मग झाडं लावायचीच नाहीत का?’

लावायची, पण शोलाची, आणि घळींत, जिथे शोला होता. वॅटल काढतानाही सरसकट कुऱ्हाड चालवून भागत नाही. काही ठिकाणी त्याच्या सावलीत, दहिवरापासून बचावून, शोलाची रोपं आपणहून उगवतात. ती आधी बघावी लागतात. उघड्या उतारांवर मात्र झाड नको, गवतच हवं. वॅटलचं बी जमिनीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, त्यामुळे तो तोडून मोकळं होता येत नाही. गवताची रोपं वाढवून लावायची आणि पुढची अनेक वर्षं वॅटलची रोपटी उपटत राहायचं, एवढं काम त्यात आहे.