रेडिएशनच्या टेबलावर गोधडी अंथरू नका

गेल्या आठवड्यात माझी आत्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशनच्या बाराव्या शेकाला निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत घडी घातलेली गोधडी होती. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरणाऱ्या संदेशात ठासून सांगितले होते की, मशीनचे काळे टेबल निम्मे रेडिएशन गिळते, त्याने पाठ भाजते, ते टेबल पुढे स्वतःच किरण सोडत राहते आणि म्हणून अंगाखाली जाड कापड घ्यावे व पाठीकडून शेक घेण्यास नकार द्यावा.

यातला गोधडीचा सल्ला सर्वांत घातक आहे. लिनॅकच्या, म्हणजे शेक देणाऱ्या मशीनच्या, ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) किरणांचा सर्वाधिक डोस त्वचेवर पडत नाही, तर साधारण दीड सेंटिमीटर खोलीवर पडतो आणि त्यामुळेच त्वचा बऱ्याच अंशी वाचते. किरणांच्या वाटेत त्वचेला लागून कोणताही थर आला की डोस चढण्याची क्रिया त्या थरातच सुरू होते, म्हणजे गोधडीने पाठ वाचणार नाही, उलट तिच्यावरचा डोस वाढेल. गाठ त्वचेलगत असेल तेव्हा डॉक्टर याच कारणासाठी मुद्दाम बोलसचा, म्हणजे शरीराच्या ऊतीसारख्या पदार्थाचा, थर त्वचेवर ठेवतात. शिवाय गोधडी रोज वेगळी दबते, कंबर कधी इकडे कधी तिकडे कलते, आणि सीटी स्कॅनच्या वेळी अंगावर केलेल्या खुणा लेझरच्या रेषांशी जुळेनाशा होतात. आत्याला टेक्नॉलॉजिस्टने दारातच थांबवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

टेबल काहीच शोषत नाही, असे मात्र मला म्हणता येणार नाही. कार्बन फायबरच्या टेबलातून ६ एमव्हीचे किरण सरळ खालून आले तर साधारण २ ते ३ टक्के कमी होतात, तिरके आले तर त्याहून अधिक, आणि पाठीच्या त्वचेवरचा डोसही वाढतो. अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या एएपीएम या संघटनेच्या टास्क ग्रुप १७६ ने २०१४ च्या अहवालात हा परिणाम अनेकदा दुर्लक्षिला जातो असे स्पष्ट म्हटले आहे आणि टेबलाचाही समावेश डोसच्या गणितात करावा अशी शिफारस केली आहे. पण एवढ्यावरून ‘निम्मे’ कुठून काढले, हे संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

टेबल किरण सोडते, हे तर साफ खोटे आहे. ६ एमव्हीच्या किरणांनी ते किरणोत्सारी होत नाही. पाठीकडचा शेक नाकारणे हेही तितकेच अविचाराचे आहे, कारण गर्भाशयमुखाच्या कर्करोगात डोस अनेक दिशांनी वाटलेला असतो. एक दिशा वगळली तर तो भार मूत्राशयासारख्या इतर अवयवांवर पडतो.

ज्यांना शंका आहे त्यांनी डोसचे गणित करणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टला एवढेच विचारावे की, आमच्या प्लॅनमध्ये टेबल धरले आहे का. आत्याच्या वतीने मी विचारले, तेव्हा त्यांनी स्क्रीनवर तिच्या शरीराच्या चित्राखाली आखलेली टेबलाची आडवी पट्टी दाखवली.